आमच्या आज्याला कुणी विचारलं?

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यातल्या अभिप्राय-पत्रकांचा गठ्ठा माझ्याकडे आला. कारखान्याचं नाव सांगत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत असे पुष्कळ आहेत, त्यांतला एक समजा. प्रशिक्षण होतं 'समता, विविधता आणि समावेशन' या विषयाचं. मूळ साहित्य इंग्रजीत, परदेशातल्या मुख्य कचेरीतून आलेलं. त्याचं मराठी मी केलं होतं, आणि कामगारांनी मराठीत लिहिलेल्या अभिप्रायांचा इंग्रजी गोषवारा करून देणं हेही माझ्याच गळ्यात पडलं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मजकूर माझ्या हातून गेला. तेव्हा पुढे जे काही वाकडं बोलेन त्यातला माझा वाटा वाचकाने आधीच धरून चालावा.

पत्रकं सव्वाशेच्या आसपास होती. त्यांतली निम्मी दोन-तीन शब्दांत आटोपलेली. चांगले होते. माहिती मिळाली. जेवण चांगले होते. एसी जास्त होता. एकाने लिहिलं होतं की असलं काही जेवणानंतर ठेवू नये, डोळा लागतो. हे वाचून हसू येतं, पण मला ही उत्तरं आळशी वाटत नाहीत. पत्रकाच्या माथ्यावर ठळक छापलं होतं: कृपया नाव लिहू नये. आणि खाली रकाने होते: विभाग, हुद्दा, वय, स्त्री/पुरुष/इतर, नोकरीची वर्षं. पेंट शॉपमध्ये बाई एकच. मेंटेनन्समध्ये वीस वर्षांवर नोकरी झालेले दोघे. नाव लिहायची गरज कुणाला होती? असा कागद हातात आल्यावर 'चांगले होते' हे फार विचारपूर्वक लिहिलेलं वाक्य असतं. ते साहित्यकृती म्हणून वाचायला हवं: काय लिहिलंय ते नंतर, कुणासमोर लिहिलंय ते आधी.

बाकीच्या निम्म्यांत मात्र वैविध्य होतं. 'आमच्याकडे जातपात नाही, सगळे एका डब्यात जेवतो' असं सांगणारे बरेच. 'आता बाईमाणसाशी बोलायचीच भीती' असं म्हणणारे दोन-चार. बढतीत आपला नंबर कुणी खाल्ला याचा हिशेब समतेच्या पत्रकावर मांडणारा एक. आणि एका बाईने लिहिलं होतं की तक्रार समिती असते, तिच्यात बाहेरचं माणूस असतं, हे अकरा वर्षं नोकरी करून पहिल्यांदा कळलं. त्या एका पत्रकासाठी मी प्रशिक्षणाला पास करते. असली सत्रं म्हणजे निव्वळ थोतांड, हे सुशिक्षित मंडळींचं आवडतं मत आहे, ते मला पुरतं मान्य नाही.

पण हा लेख लिहायला लावणारं पत्रक वेगळंच होतं. 'अन्य सूचना' या रकान्यात निळ्या बॉलपेनने दोनच ओळी: औंधचं ऐकलं. आमच्या आज्याला कुणी विचारलं?

ती ओळ मला लागली, कारण औंधची स्लाइड माझी होती. मूळ साहित्यात उदाहरणं सगळी तिकडची: वर्ण, पगडी, हिजाब, व्हीलचेअर. जात म्हणून जी गोष्ट आपल्याकडे आडनाव विचारताक्षणी खोलीत येऊन बसते, ती एका यादीत सातव्या की आठव्या क्रमांकावर. प्रशिक्षक म्हणाले, काही आपल्या मातीतलं द्या. मी मूळची औंधचीच. आजोबा संस्थानात शिक्षक होते. मी उत्साहाने तीन ओळी दिल्या. १९१०: किर्लोस्करवाडी, अस्पृश्यता न पाळणारी कारखान्याची वसाहत. जानेवारी १९३९: राजाने स्वतःहून सत्ता सोडून प्रजेला दिलेली स्वराज्य-घटना. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर, भिंती नसलेला तुरुंग. मागे यमाईच्या डोंगराचा फोटो. खाली वाक्य: समता आपल्याला नवी नाही.

ते वाक्यही माझंच.

पत्रक वाचल्यावर मी त्या तिन्ही ओळींमागची पुस्तकं पुन्हा काढून बसले. पाहायचं एवढंच होतं की यांत कुणाच्या आज्याला विचारलेलं आहे का.

औंध संस्थान म्हणजे एकसलग मुलूख नव्हता. हल्लीच्या खटाव तालुक्यातलं औंध, सांगली जिल्ह्यात गेलेली आटपाडी आणि कुंडल, आणि तिकडे विजापूरकडे गुणदाळ, असे विखुरलेले तुकडे. गावं सत्तरच्या वर थोडी, लोकवस्ती पाऊण लाखाच्या घरात. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे खरोखरच चमत्कारिक राजे होते. स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले होते. सक्तीच्या प्रशिक्षणाचा आमच्या भागातला हा पहिला नमुना म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच, की सक्ती करणारा स्वतः रोज पहाटे ते घालत असे. आजोबा हे सांगताना ताठ बसत.

पहिली ओळ किर्लोस्करवाडीची. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना या राजाने कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या रानात नांगराचा कारखाना उभा राहिला आणि भोवती गाव. त्या गावात अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं होतं. काळ ध्यानात घेतला तर ही लहान गोष्ट नाही. आजही बहुतेक कारखान्यांच्या फाटकावर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. लक्ष्मणरावांनी कुणाला मानसिकता बदलायचं व्याख्यान दिलं नाही, पहारा सोपवला. मी ज्या सत्राचं भाषांतर केलं त्यात अख्ख्या दिवसात कुणाकडे काही सोपवलं गेलं नाही.

हे आपल्याला कळतं कुठून? लक्ष्मणरावांचं चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' लिहिलं शंकरराव किर्लोस्करांनी, म्हणजे पुतण्याने. शंकरराव मोठे संपादक. १९२० साली कारखान्याची खबर देण्यासाठी सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चं त्यांनी महाराष्ट्रातलं एक धीट मासिक केलं, आणि १९३० मध्ये 'स्त्री' काढलं. त्यांच्या सुधारकीबद्दल मला शंका नाही. पण चरित्र घरातल्या माणसाचं आहे, त्यात पाहणारा डोळा मालकाच्या खांद्यावरचा आहे. रात्री हातात काठी घेऊन फाटकावर उभ्या राहणाऱ्या माणसाला काय वाटत होतं? विश्वास टाकला म्हणून छाती भरून येत होती, की आता काही चोरीला गेलं तर पहिलं नाव आपलंच घेतील म्हणून झोप उडत होती? दोन्ही असू शकतं. पहारेकऱ्याने आपली बाजू सांगितलेला कागद माझ्यासमोर नाही.

दुसरी ओळ घटनेची. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू इंजिनिअर. बंगळूरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचे प्रमुख होते. ते, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि खुद्द राजे गांधीजींकडे गेले आणि घटना आकाराला आली. गावोगाव पंचायती, त्यांवर तालुका समित्या. गांधीजींचा आग्रह असा की मताचा हक्क साक्षराला द्यावा. त्यामुळे संस्थानातला मास्तर एकदम महत्त्वाचा माणूस झाला: त्याने अक्षर गिरवून घेतलं तर माणूस मतदार. हा सगळा इतिहास अप्पासाहेब पंतांनी पुढे 'ॲन अनयूजुअल राजा' या पुस्तकात सांगितला. पुस्तक वाचनीय आहे. नावच सांगतं की कथा राजाची आहे, आणि सांगणारा राजाचा मुलगा. इंदिरा रोदरमुंड यांचा अभ्यासग्रंथ १९८३ चा. तो या प्रयोगाकडे राज्यशास्त्राच्या अंगाने पाहतो.

तिसरी ओळ स्वतंत्रपूरची, आणि तिची कीर्ती सर्वांत मोठी, कारण तिच्यावर सिनेमा झाला. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका व्ही. शांताराम यांची, कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा आटपाडीजवळच्या शेटफळ्यात जन्मलेले, माडगूळचे. म्हणजे हा विषय त्यांच्या अंगणातला. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालेला हा चित्रपट आमच्या शाळेत पांढऱ्या पडद्यावर दाखवत, आणि त्यातली प्रार्थना अजून शाळांतून म्हणतात. मी तो परवा पुन्हा पाहिला. सहा खुनी कैदी, एक जेलर, ओसाड जमीन. कैदी पळून जाऊ पाहतात आणि जेलरचे डोळे त्यांना परत खेचून आणतात. चित्रपट अजून पकड घेतो, ते नाकारणार नाही. पण नावातली मोजणी बघा. सहा माणसांचे हात मोजले आहेत, बारा. डोळे मोजले आहेत एकाचेच, दोन. कैद्यांनाही डोळे होतेच की. त्या डोळ्यांनी त्यांनी हा जेलर कसा पाहिला, रोज सकाळी उठून त्याचा चांगुलपणा सोसणं कसं होतं, हे सिनेमा विचारत नाही. सुधारणा करणाऱ्याची नजर हीच तिथली बेडी आहे, आणि चित्रपटाला ती बेडी फार सुंदर वाटते.

आमच्या कारखान्यातल्या सत्राच्या शेवटी प्रशिक्षकांनी याच सिनेमाचं पोस्टर दाखवलं होतं. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

पुतण्या, मुलगा, दिग्दर्शक. तिघेही प्रामाणिक, तिघेही प्रेमाने सांगणारे. तिघांपैकी कुणाचाही अभिप्राय पत्रकाच्या त्या बाजूने आलेला नाही, जिथे विभाग आणि हुद्दा लिहावा लागतो. आणि चौथी मी, शिक्षकाची नात. माझ्या आजोबांना कुणी विचारायची गरजच नव्हती. ते न विचारताच सांगत.

तो अभिप्राय आला, पण फार उशिरा. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. खरात १९२१ चे, जन्म आटपाडीचा. शिक्षण आटपाडीत, मग औंधला, मग पुण्यात फर्ग्युसनला. पुढे वकील, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वडील तराळ होते. तराळ म्हणजे गावचा नोकर: निरोप पोचवणे, सरकारी माणसाची सरबराई, चावडीवर हजेरी, मढ्याची राखण. नेमणूक जन्माने, वेळ चोवीस तास, मोबदला गावकीच्या मर्जीवरचं बलुतं. मला पूर्वी हे पुस्तक 'दलित आत्मकथन' या खणात ठेवून वाचायची सवय होती. या वेळी मी ते एका कर्मचाऱ्याच्या मुलाने लिहिलेला कामाच्या ठिकाणचा अहवाल म्हणून वाचलं आणि हादरले, कारण ते तसंही आहे.

त्यातला विहिरीचा प्रसंग ज्यांनी वाचला असेल ते विसरले नसतील. विहिरीत प्रेत. तराळाने उपाशीपोटी त्याची राखण करायची. मग पोलीस येतात आणि त्यालाच आत उतरायला सांगतात. आत साप आहे. तो उतरतो, कारण नाही म्हणायची सोय त्या नोकरीत नाही. काठावर मुलगा आहे. प्रसंग भडक करायची प्रत्येक संधी लेखकाला होती आणि त्याने ती बहुतेक वेळा सोडली आहे; खरातांची भाषा वकिलाची, घडलं ते क्रमाने सांगणारी. कुठे कुठे ते एकच गोष्ट पुन्हा सांगतात, पुढच्या भागात पदांची आणि सभांची यादी लांबते, हे दोष आहेतच. पण पूर्वार्धात प्रत्येक कामाची रीत, कुणी हाक मारायची, कुठे उभं राहायचं, भाकरी कुठून आणि कशी पडायची, हे इतकं नेमकं आहे की कुठल्याही प्रशिक्षणातल्या 'केस स्टडी'ने लाजावं.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १९३९ साली राजाने घटना दिली तेव्हा खरात अठरा वर्षांचे होणार होते. स्वतंत्रपूर त्यांच्याच गावाच्या शिवारालगत उभं राहिलं. म्हणजे माझ्या स्लाइडवरच्या दोन ओळी आणि त्या पुस्तकातलं तराळाचं जग एकाच काळातले, एकाच तालुक्यातले. यावरून राजा ढोंगी होता असं कुणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. त्याने जे सोडलं ते सोडायला फार थोडे राजे तयार झाले. पण तराळकी राजवाड्यात नव्हती, चावडीत होती. ती हलायला कायदा लागला. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं १९२८ साली. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. मधली तीस वर्षं माणसांची मनं तयार होण्याची वाट पाहण्यात गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी विहीर पुन्हा वाचावी. उतरणाऱ्याचं मन तर केव्हाच तयार होतं.

याच मुलखातलं आणखी एक पुस्तक मला टाळता येत नाही, ते व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ ची ही कादंबरी आपण धनगरवस्तीचं चित्रण म्हणून वाचतो, आणि तिच्या साधेपणावर लिहून लिहून समीक्षकांनी तो साधेपणा गुळगुळीत करून टाकला आहे. पण तिचा निवेदक कोण? औंध संस्थानाचा पगारी नोकर. कोवळ्या वयाचा मास्तर, वस्तीवरची शाळा पुन्हा सुरू करायला पाठवलेला. म्हणजे प्रशिक्षकच. तो पोचतो तेव्हा शाळा ओस आहे आणि पोरं मेंढरांमागे. इथे अभिप्राय-पत्रक नाही; वस्ती अभिप्राय देते तो पायांनी. पोरं पाठवते किंवा पाठवत नाही. कारभाऱ्याचं मन वळलं तर वस्ती येते, तो बिनसला तर सगळं थंड. मास्तरला पत्रं लिहावी लागतात, भांडणं सोडवावी लागतात, आनंदा रामोशासारख्या माणसाशी कसं वागायचं ते स्वतःच शिकावं लागतं. शिकवायला आलेला माणूसच त्या पुस्तकात सर्वांत जास्त शिकतो, आणि माडगूळकर त्याला त्याबद्दल शाबासकी देत नाहीत.

मग तालीम. वस्तीने मिळून बांधलेली, उद्घाटनाला खुद्द पंतसरकार येतात. आमच्या भागातले वाचक त्या पानांवर हमखास खूश होतात. आजोबा ती पानं मोठ्याने वाचून दाखवत. पण कादंबरी तिथे थांबत नाही. पाऊस जातो, वस्ती उठते, मेंढरं आणि माणसं पोटामागे निघून जातात. तालीम राहते. माडगूळकर यावर काही भाष्य करत नाहीत, आणि त्या न केलेल्या भाष्यामुळे मला ही कादंबरी वर सांगितलेल्या तिन्ही प्रशस्तींपेक्षा मोठी वाटते. सुधारणा करणाऱ्याला आपण काय केलं ते दिसतं, पण त्याच वेळी कशाची गरज होती तेही दिसत राहतं. मास्तरच्या निवेदनाची मर्यादाही सांगायला हवी. बनगरवाडीतही बोलणारा शेवटी मास्तरच. वस्तीचं मत त्याच्या वहीतून येतं. खरातांची वही वेगळी, एवढाच मुद्दा आहे, आणि तो मुद्दा लहान नाही.

पत्रकांकडे परत येते. तिकडच्या अभ्यासकांनी या प्रशिक्षणांचा हिशेब मांडलेला आहे. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी आठशेहून जास्त अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची आकडेवारी तपासली आणि २०१६ मध्ये लिहिलं की व्यवस्थापकांना असं प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर पाच वर्षांनी व्यवस्थापनातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढण्याऐवजी सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं होतं. माणसं सक्तीला चिडतात, असं त्यांचं निदान. ऐच्छिक सत्रं, नव्या माणसाला हाताशी धरणारे वरिष्ठ, प्रत्यक्ष भरतीत सहभाग, यांचा परिणाम बरा. लक्ष्मणरावांनी पहारा सोपवला त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. हा अभ्यास मी प्रशिक्षकांना दाखवला. ते म्हणाले, मॅडम, आपल्याकडे कायदाच आहे. खरं आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ठरावीक काळाने कार्यशाळा घेणं मालकाचं कर्तव्य केलं आहे. शिवाय तो कायदा ज्या विशाखा निकालातून १९९७ मध्ये वाट काढत आला त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरीदेवी होत्या. त्या सरकारी महिला-विकास कार्यक्रमात साथीन होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. प्रत्येक पॉश सत्राच्या पहिल्या स्लाइडवर विशाखाचं नाव असतं. भंवरीदेवींचं कामच लोकांना समजावून सांगण्याचं होतं, त्यांनी जणू वस्तीवर जाऊन सत्र घेतलं, आणि गावाने आपला अभिप्राय असा दिला, हे मात्र मी अजून एकाही सत्रात ऐकलेलं नाही.

अभिप्रायात ताकद नसते असं नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये गूगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवर व्याख्यान ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी आधीच कळवलं की या बाईंमुळे आपल्याला असुरक्षित वाटतं, त्या हिंदूविरोधी आहेत. व्याख्यान रद्द झालं. ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे नोकरी सोडली. तिथे अभिप्राय सत्राच्या आधीच आले, नावानिशी आले, आणि लागू पडले. कुणाचे लागू पडतात ते यावरून समजावं. आमच्या पेंट शॉपमधली एकटी बाई 'चांगले होते' लिहिते. तिकडे मोठ्या पगाराचा इंजिनिअर 'मला भीती वाटते' लिहितो. दोघांपैकी भीती कुणाला वाटत असेल, याचं उत्तर पत्रकावरून काढू नये.

आता शेवटची एक गोष्ट, जी मला सत्राच्या दिवशी दिसली आणि तेव्हा कळली नाही. चहा द्यायला, खुर्च्या मांडायला, नंतर कागदी कप उचलायला पाच-सहा बायका होत्या. ठेकेदाराच्या. प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं नव्हती, कारण त्या कंपनीच्या कर्मचारी नाहीत. दिवसभर त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं. पत्रक त्यांना मिळालं नाही. २०१३ च्या कायद्यातली 'कर्मचारी'ची व्याख्या मी स्वतः मराठीत आणली होती: कंत्राटी, रोजंदारी, ठेकेदारामार्फत, मोबदला असो वा नसो. कामाच्या निमित्ताने जावं लागणारं कुठलंही ठिकाण म्हणजे कामाचं ठिकाण, असंही त्यात आहे. या व्याख्येत आटपाडीची विहीर बसते. त्या बायका तर सहज बसतात. व्याख्येची स्लाइड पडद्यावर होती तेव्हा त्या तिच्याच उजेडात कप गोळा करत होत्या.

गोषवाऱ्यासाठी मला चार खाने दिले होते: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ, विषयाबाहेर. निळ्या बॉलपेनची दोन ओळींची सूचना मी पहिल्या दिवशी 'विषयाबाहेर'मध्ये टाकली. आठवड्याने ती 'नकारात्मक'मध्ये हलवता येईल का म्हणून विचारलं, तर अहवाल गेला होता. ज्याने ती लिहिली त्याला मी शोधलेलं नाही. शोधणं अवघड नाही, विभाग आणि वय लिहिलेलं आहे, आणि नेमकं म्हणूनच शोधू नये असं वाटतं.

या वर्षीच्या सत्रासाठी तीच स्लाइड पुन्हा मागवली आहे. खालचं वाक्य मी काढलं. तीन ओळींखाली चौथी घातली: १९८१, 'तराळ-अंतराळ', शंकरराव खरात, आटपाडी. आणि कळवलं की ठेकेदाराच्या बायकांना बसायला खुर्च्या आणि पत्रकं द्यावीत, पत्रकावरचे विभाग-हुद्द्याचे रकाने काढावेत. खुर्च्यांचं होईल असं उत्तर आलं. रकाने मुख्य कचेरीच्या नमुन्यातले आहेत, ते इथे बदलता येत नाहीत. चौथी ओळ अजून मंजुरीत आहे.